माझा उजवा खांदा

आमच्या पहिल्या भेटीत मी घोरले.

हे मी लपवूनच ठेवणार होते, पण अण्णा आल्यागेल्याला सांगतात, तेव्हा मीच सांगितलेलं बरं. इतर मुलींच्या पहिल्या भेटीत नजरानजर होते, हातातून काहीतरी पडतं, कुणीतरी लाजतं. मी वेताच्या खुर्चीत मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, एका परक्या पुरुषासमोर चक्क घोरले!

त्याचं झालं असं. अण्णा म्हणजे माझे वडील. दिवा बदलायला म्हणून स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, त्यांना घरी आणलं, आणि घरी येऊन व्यायाम घेणारा एक फिजिओथेरपिस्ट हॉस्पिटलने ठरवून दिला. तो त्या दिवशी सकाळी येणार होता. मी अण्णांचं अंग पुसून, चादर बदलून, धाकट्या बहिणीच्या हातात डबा कोंबून तिला अभ्यासिकेत पिटाळलं होतं आणि आता खाली जाऊन सलून उघडणार, तेवढ्यात बेल वाजली.

दारात एक उंच माणूस उभा होता. बाहेर झिमझिम चालू होती, त्याच्या रेनकोटवरून पाणी ओघळत होतं. रेनकोट खुंटीला लावायला तो वळला आणि मला त्याची मान दिसली. मानेवरचे केस इतके वाईट कापले होते की माझी बोटं कात्री शोधायला लागली. केस कापणं हा माझा धंदा आहे. लोकांना माणसाचा चेहरा आधी दिसतो, मला मान.

मी दार डाव्या हाताने उघडलं होतं. उजवा हात पोटाशी धरला होता, कारण तसा धरला की तो कमी कुरकुरायचा. त्याने माझ्याकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि म्हणाला,

"बसा."

आता खरं सांगते, 'बसा' हे मी दिवसभर दुसऱ्यांना म्हणते. मला कुणी म्हटल्याला किती काळ लोटला होता, देव जाणे. मी बसले.

"हात वर करा. जेवढा जातोय तेवढाच."

मला वाटलं, पेशंटला उचलणाऱ्या माणसाची आधी तपासणी करत असतील. हल्ली कशाचीही पद्धत असते. मी हात वर केला. तो खांद्याच्या उंचीला गेला आणि तिथेच अडून बसला.

"दुखतंय?"

"छे."

"डोळ्यांत पाणी आलंय."

"कांदा चिरत होते."

"वास नाही येत कांद्याचा."

"तुमचं नाक चोंदलं असेल. पावसातून आलात ना..."

तो हसला. नाकातून, हळूच, हसू दाबायचा प्रयत्न करणारी माणसं हसतात तसं. मग त्याने बॅगेतून शेकायचा पट्टा काढला, भिंतीवरच्या प्लगला लावला आणि माझ्या खांद्यावर नीट बसवला. खांद्यातून मानेत, मानेतून डोक्यात अशी ती ऊब चढत गेली. "जरा वेळ डोळे मिटा," असं तो म्हणाला ते ऐकलं. त्यापुढचं मला काही आठवत नाही.

जागी झाले ती शिट्टीने. फुर्रर्र!

तो दचकून उभाच राहिला. "हे काय?"

सांगायचं राहिलं, अण्णा आयुष्यभर फुटबॉलचे पंच होते. पलंगावर पडल्यापासून त्यांना हाक मारणं कमीपणाचं वाटायचं, म्हणून ते शिट्टी फुंकायचे. एक लांब शिट्टी म्हणजे पाणी. दोन आखूड म्हणजे कूस बदलायची आहे. आणि सामना संपल्यावर वाजवतात तशी वाजली की समजायचं, अण्णा कंटाळलेत, कुणीतरी येऊन गप्पा मारा.

"पेशंट बोलावतायत," मी डोळे चोळत म्हणाले.

"पेशंट?" त्याचे कान हळूहळू लाल व्हायला लागले. "मग तुम्ही... कोण?"

"त्यांची मुलगी."

"अहो, मग बोलायचं नाही का? हॉस्पिटलने मला नुसता पत्ता पाठवलाय. मी इतका वेळ तुमचा खांदा शेकतोय!"

"तुम्हीच बसा म्हणालात."

"बसा म्हटलं म्हणून कुणी बसतं?"

"पुन्हा म्हणून बघा," मी म्हणाले.

हे माझ्या तोंडून कसं गेलं, मला आजही कळलेलं नाही. झोपेत असणार. त्याने माझ्याकडे पाहिलं – आणि मी पदर नसताना पदर सावरल्यासारखं काहीतरी केलं. आतून अण्णांचा आवाज आला, "घोरून झालं असेल तर मला पण भेटा कुणीतरी!"

*

अण्णांनी पहिल्याच दिवशी त्याला 'मास्तर' करून टाकलं. कवायत घेतो तो मास्तर. मग मीही मनात तेच म्हणायला लागले.

त्या दिवशी निघताना मास्तर दारात थांबला. बूट घालता घालता, वर न बघता म्हणाला, "तुमचा खांदा आखडायला लागलाय. आत्ता काळजी घेतलीत, रोज व्यायाम केलात, तर सुटेल. नाही केलात तर काही महिने हात डोक्यापर्यंत जाणार नाही."

"मग मी केस कसे कापणार?"

"तेच म्हणतोय मी. आणि अण्णांना एकटीने उचलायचं नाही."

"मग कोण उचलणार? धाकटीची परीक्षा डोक्यावर आहे. आई असती तर गोष्ट वेगळी होती. मास्तर... म्हणजे डॉक्टर, मला नाही हो वेळ दुखायला."

"दुखण्याला सांगून बघा तसं," तो म्हणाला आणि जिना उतरून गेला.

खवचट! पण मी खिडकीतून तो स्कूटर चालू करेपर्यंत बघत राहिले, हेही खरं.

मी अर्थातच काही करणार नव्हते. पण दुसऱ्या दिवशी भलतंच झालं. मास्तरने अण्णांना टाच गादीवरून सरकवत गुडघा वाकवायला सांगितला आणि अण्णांनी हाताची घडी घातली.

"मी नाही करणार."

"का, दुखतंय?"

"माझं सोडा. हिचा हात बघा. रोज मला उठवताना ही दात खाते. तिला वाटतं बापाला कळत नाही. अहो, बावीस जणांवर लक्ष ठेवलंय मी उन्हातान्हात, एका पोरीवर नाही ठेवता येणार? ती हात वर करेल तेव्हा मी पाय वाकवीन. काय गं, तू केलंस तर मी करीन. बस्स."

"अण्णा, हा काय पोरकटपणा!"

"फाउल," अण्णा म्हणाले आणि शिट्टी फुंकली.

मास्तर खिडकीकडे तोंड करून उभा होता. त्याचे खांदे हलत होते, म्हणजे नाकातून हसणं चालू होतं.

अशी आमची दोघांची कवायत सुरू झाली. अण्णा पलंगावर, मी भिंतीजवळ. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा, वाकून हात सैल सोडून गोल फिरवायचा, टॉवेल पाठीमागून धरून एका हाताने दुसऱ्याला ओढायचा. मास्तर मध्ये उभा राहून दोघांना ओरडायचा. माझं कोपर वाकडं झालं की दोन बोटांनी अलगद सरळ करायचा आणि लगेच हात मागे घ्यायचा. ती दोन बोटं... जाऊ दे. एवढंच सांगते की मी कधी कधी कोपर मुद्दाम वाकडं करायचे.

*

खाली माझं सलून आहे. दोन खुर्च्या, एक बेसिन आणि माझी मदतनीस मैना. तिचं खरं नाव काय ते आता तिलाही आठवत नसेल, तिच्या बडबडीमुळे सगळे मैनाच म्हणतात.

एका दुपारी मैना काचेतून बाहेर बघत म्हणाली, "ताई, तुमचे मास्तर बघा. स्कूटरवर बसून जेवतायत."

खरंच जेवत होता. वळचणीला स्कूटर लावून, हॅंडलवर डबा टेकवून, पावसाचे शिंतोडे चुकवत घाईघाईने. मी दार उघडून हाक मारली. तो आत आला, ओशाळला आणि बेसिनजवळच्या स्टुलावर डबा घेऊन बसला.

"दुसऱ्यांना 'वेळेवर जेवा' म्हणून सांगता ना? लोकां सांगे ब्रह्मज्ञान," मी म्हणाले.

"दोन पेशंटच्या मध्ये एवढाच वेळ मिळतो. तुम्ही जेवलात?"

मी टॉवेलांच्या घड्या घालायला लागले. मैना लगेच म्हणाली, "ताई चार वाजता उभ्या उभ्या खातात. कधी खातच नाहीत."

"तू केर काढ," मी तिला म्हणाले.

त्याने डब्याचं झाकण पालथं केलं, त्यात अर्धं जेवण काढलं आणि माझ्यापुढे सरकवलं.  मी हात धुऊन खायला बसले. बाहेर पाऊस पत्र्यावर ताशा वाजवत होता. भाजी जरा खारट होती, पण मी ते मरेपर्यंत सांगणार नाही.

खाता खाता माझी नजर पुन्हा त्याच्या मानेवर गेली. "एक सांगू? रागावणार नाही ना? तुमचे केस कुणी कापले?"

"का?"

"त्याला शिक्षा व्हायला हवी. या खुर्चीत बसा, मी नीट करून देते."

तो खुर्चीपर्यंत आला, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला... आणि थांबला. आरशातून माझ्याकडे बघत म्हणाला, "नको. तुमचा उजवा हात न दुखता तुमच्या स्वतःच्या डोक्यावर जाईल, त्या दिवशी बसेन. तोवर कात्री लावणार नाही."

"तोवर तुमची वेणी घालावी लागेल!"

"मग घाला. मी काय, थांबू शकतो."

'थांबू शकतो' हे त्याने ज्या आवाजात म्हटलं, त्याने मैनाचंही केर काढणं थांबलं.

*

इथपर्यंत सगळं कसं छान चाललं होतं. आणि मग मी माती खाल्ली.

जवळच्या नृत्यशाळेचा वार्षिक कार्यक्रम होता. सगळ्या मुलींच्या वेण्या, अंबाडे, कुरळे केस सरळ, सरळ केस कुरळे – काम माझ्याकडे आलं आणि मी नाही म्हणाले नाही. मला 'नाही' म्हणताच येत नाही, हा माझा जुना आजार आहे. तो आठवडाभर मी हात खाली केला नाही. व्यायामाला दांडी. मास्तरने विचारलं की म्हणायचे, "सकाळीच केला." अण्णांनी विचारलं की म्हणायचे, "दुकानात केला." मैनाला दम दिला होता, त्यामुळे तीसुद्धा गप्प. मैना गप्प, म्हणजे बघा!

कार्यक्रमाच्या दिवशी शेवटची मुलगी नटूनथटून गेली आणि मी वर आले. अण्णा बाथरूममधल्या स्टुलावर बसून मला हाक... म्हणजे शिट्टी देत होते. धाकटी अजून आली नव्हती. 'जरा थांबा, तिला येऊ दे,' असं म्हणायला हवं होतं. पण मी नेहमीसारखा त्यांच्या काखेत हात घातला आणि उचललं.

खांद्यात काहीतरी चर्रकन झालं. हातातली ताकदच गेली, कुणी दिवा मालवावा तशी. अण्णा माझ्या हातातून घसरले. मी त्यांच्या खाली माझा पाय घातला, कसाबसा त्यांचा भार अंगावर घेतला आणि आम्ही दोघं भिंतीला टेकून ओल्या फरशीवर बसलो.

"अण्णा! लागलं? अण्णा, बोला ना!"

"ओरडू नकोस. बहिरा नाही झालो." त्यांचा आवाज मात्र कापत होता. "तुला लागलं का गं?"

त्यावर मी रडायला लागले. लहान मुलीसारखं, हुंदके देऊन. हात दुखत होता म्हणून नाही. त्यांचं जोडलेलं हाड माझ्यामुळे पुन्हा मोडलं असतं, आणि तरी ते मलाच विचारत होते, म्हणून.

धाकटी आली, तिने आम्हाला तसं पाहिलं आणि आधी मास्तरला फोन केला. तो आला तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत भिजला होता, रेनकोट घालायचाही विसरला होता. त्याने आणि धाकटीने मिळून अण्णांना पलंगावर नेलं. त्याने पाय वाकवून बघितला, दाबून बघितला, त्यांना उभं करून बघितलं. सगळं जागच्या जागी होतं. मग तो माझ्याकडे वळला.

"व्यायाम कधी केला होता शेवटचा?"

"सकाळी..."

"खरं सांगा."

मी मान खाली घातली. तो चिडला नाही, चिडला असता तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाला, "या घरातली तीन माणसं एका खांद्यावर उभी आहेत. त्यातलं एक माणूस तुम्ही आहात. तुम्ही स्वतःला मोजतच नाही."

"मला वेळ मिळत नाही, मास्तर! मी माझंच बघत बसले तर यांचं कोण करणार?"

"आणि तुम्ही पडलात तर?"

 त्याचं उत्तर मला बाथरूमच्या फरशीवर मिळालंच होतं.

त्याने माझा हात गळ्यात बांधला. गाठ मारताना त्याची बोटं थरथरत होती, असं मला वाटलं. मग बॅग उचलून म्हणाला, "अण्णांसाठी येत जाईन. पण तुमचा खांदा मी उद्यापासून बघणार नाही. आमच्या क्लिनिकमध्ये मोठ्या मॅडम आहेत, त्यांच्याकडे जा."

इतकं वाईट मला हात दुखतानाही वाटलं नव्हतं.

*

दुसऱ्या दिवशी घरात शिट्टी वाजली नाही. दुपारपर्यंत नाही. मी धावत खोलीत गेले तर अण्णा पलंगाची कड धरून, स्वतःच पाण्याच्या तांब्याकडे सरकायचा प्रयत्न करत होते. कपाळावर घाम.

"शिट्टी का नाही वाजवलीत?"

"ती उशीखाली ठेवली. पुरे झाली," ते म्हणाले. "तुझा हात मोडला माझ्यापायी."

"असं नका ना बोलू."

"मग तू ऐक." त्यांनी मला पलंगावर बसवलं. "मैदानाबाहेर बदली खेळाडू कशाला बसवतात? चांगला खेळाडू दमत नाही म्हणून? अगं, दमतो म्हणून! जो दमलो म्हणत नाही, तोच शेवटच्या पाच मिनिटांत गोल खातो आणि सगळा संघ बुडवतो. मी डोळ्यांनी पाहिलंय."

"आपल्याकडे कुठे आहे बदली खेळाडू?"

दारात धाकटी उभी होती. "मी आहे की, ताई. तू कधी विचारलंच नाहीस."

मी तिच्याकडे बघतच राहिले. कॉलेजला जाणारी, माझ्याहून उंच झालेली मुलगी. मी अजून तिच्या डब्याचं झाकण लावून देत होते.

मग काय, सगळंच बदललं. सकाळचं अण्णांचं धाकटीने घेतलं, तेही अभ्यासाचं पान भिंतीला चिकटवून, अण्णांकडून प्रश्नोत्तरं घेत घेत. अण्णा पलंगावर बसल्या बसल्या भाज्या निवडायला लागले आणि सगळ्या भाज्यांना पंचाच्या नियमाप्रमाणे वागवायला लागले, किडकी शेंग दिसली की फाउल. सलून मी दुपारी बंद ठेवलं, जेवायला आणि आडवं पडायला. एकही गिऱ्हाईक तुटलं नाही. मैना आधी नुसते केस धुवायची, ती आता कापायलाही शिकली, आणि बरी कापते, मेली. मी नसले तर जग बंद पडेल, अशी माझी पक्की समजूत होती. जगाने साधी दखलही घेतली नाही. मला थोडा रागच आला.

मास्तर यायचा, अण्णांचं बघायचा. आता ते काठी घेऊन चालायला लागले होते. माझ्याशी तो 'कसा आहे हात?' आणि 'मॅडम काय म्हणाल्या?' यापलीकडे बोलायचा नाही. केस वाढून कॉलरवर आले होते. मी चहा द्यायचे, तो घ्यायचा, कपाची देवाणघेवाण करताना बोटं लागू नयेत म्हणून आम्ही दोघंही इतकी कसरत करायचो की अण्णांनी एकदा डोक्याला हात लावला.

मोठ्या मॅडम म्हणजे अजब बाई. अंगठा माझ्या खांद्यात रुतवून त्या सिनेमाच्या गप्पा मारायच्या. एकदा मी न राहवून विचारलं, "तुमच्या त्या डॉक्टरांनी मला तुमच्याकडे का पाठवलं? मी ऐकत नाही म्हणून?"

"त्याने नाही सांगितलं?"

"नाही."

"मग मी कशाला सांगू? जोरात 'आई गं' म्हण, म्हणजे लवकर सुटेल."

मी जोरात 'आई गं' म्हणाले.

*

अण्णा जिना चढून-उतरून आले त्या दिवशी मास्तरचं आमच्याकडचं काम संपलं. त्याने अण्णांशी हात मिळवला, माझ्याकडे बघून 'येतो' म्हणाला आणि गेला. ते 'येतो' मी दोन दिवस मनात घोळवत बसले. येतो म्हणजे कधी?

तिसऱ्या दिवशी मॅडमकडे गेले. हात वर गेला, डोक्यावर गेला, डोक्यामागे जाऊन डाव्या कानाला लागला. न दुखता! मॅडम टाळी वाजवून म्हणाल्या, "आता माझ्याकडे येऊ नकोस. व्यायाम मात्र सोडायचा नाही."

मी अशी उड्या मारत बाहेर आले आणि व्हरांड्यात थबकले. मास्तर पाठमोरा उभा होता. मान स्वच्छ. केस कापलेले. आणि – हे लिहितानाही जिवावर येतं – बरे कापलेले.

"कुणी कापले?" मी ओरडलेच.

तो वळला. "तुम्ही! अहो, ते... मॅडमनी धमकी दिली. पेशंट घाबरतात म्हणाल्या. काल कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये..."

"कोपऱ्यावरच्या! मी थांबू शकतो म्हणाला होतात ना तुम्ही? हा बघा हात!" मी उजवा हात ताडकन डोक्यावर नेला. "बघा! एक दिवस थांबता नाही आलं तुम्हाला?"

तो हाताकडे बघत राहिला. मग माझ्याकडे. त्याचा चेहरा असा उजळला की माझा अर्धा राग तिथेच विरघळला. अर्धा मी सांभाळून ठेवला.

"केस वाढतात पुन्हा," तो म्हणाला. "तुम्ही एवढ्या का चिडलात?"

"मी कुठे चिडले? माझा काय संबंध? तुम्ही तर मला सरळ दुसरीकडे पाठवून दिलंत. कंटाळलात ना माझ्या खोटेपणाला?"

"कंटाळलो?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. व्हरांड्यात कुणी नव्हतं, बाहेर भुरभुर पाऊस होता. तो बोलायला लागला, अडला, पुन्हा लागला. "त्या दिवशी तुमचा हात बांधताना माझे हात कापत होते. कुठल्याच पेशंटच्या बाबतीत असं होत नाही माझं. ज्याचे हात कापतात, त्याने उपचार करू नयेत. आणि पेशंटच्या प्रेमात पडणं आमच्या कामात बसत नाही. मग एक तर प्रेम सोडायला हवं होतं, नाहीतर पेशंट." त्याने आपल्या हातांकडे पाहिलं. "पेशंट सोडणं सोपं वाटलं."

मी पर्सची चेन उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. एरवी बडबडीत मैनाला मागे टाकणारी मी!

"आज मॅडम तुम्हाला सोडणार, हे मला सकाळीच कळलं. म्हणून उभा होतो इथे. विचारायचं होतं..." त्याने दीर्घ श्वास घेतला. "तुम्हाला काय हवंय?"

"अण्णांना बाजारापर्यंत एकटं जाता यायला हवं," मी म्हणाले. "धाकटी पास व्हायला हवी. मैनाला चांगली कात्री घ्यायचीय..."

"हे त्यांचं झालं." तो हसला नाही. "तुम्हाला?"

गंमत बघा, मला पटकन सुचेचना. आत कुठेतरी हात घालून शोधावं लागलं. पागोळ्यांचं पाणी पायरीवर पडत होतं, ते बघत मी शोधत राहिले. तो थांबला होता. घाई न करता.

"मला भूक लागलीये," मी म्हणाले.

"आणि?"

"बसून जेवायचंय. गरम. कुणी हाक न मारता."

"आणि?"

आता माझे कान लाल झाले असणार. पण मी नजर खाली केली नाही. खूप शोधून सापडलेली गोष्ट होती, ती धीटपणे सांगायलाच हवी होती.

"आणि समोरच्या खुर्चीत तू हवा आहेस. आज. आणि उद्या. आणि मग रोजच."

तो काही बोलणार तेवढ्यात माझा फोन वाजला. घरचा. त्याचा चेहरा पडला, तरी म्हणाला, "घे... अण्णांचं काही असेल."

पलीकडे धाकटी होती. "ताई, कधी येतेस? अण्णांना विचारायचंय, त्यांचा निळा सदरा कुठे आहे?"

एरवी मी सदरा सांगितला असता, तो इस्त्री केलाय का ते विचारलं असतं, आणि पाच मिनिटांत घरी पोचले असते. मी मास्तरकडे पाहिलं. त्याने श्वास रोखून धरला होता.

"शोधा तुम्ही दोघं," मी म्हणाले. "मी बाहेर जेवून येतेय. सावकाश येईन."

"कुणाबरोबर?"

तिच्या मागून अण्णांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. "अगं, विचारतेस काय? मास्तर असणार! तिला म्हणावं, शांतपणे जेव, सदऱ्याचं मी बघतो."

मी फोन बंद करून पर्समध्ये अगदी तळाशी टाकला आणि पावसात पहिली पायरी उतरले. मास्तर अजून वरच उभा होता.

"चल ना," मी म्हणाले. "मला खरंच भूक लागलीये."